‘आढळले’ लिहिण्याआधी

नंदुरबारला जाऊन आले असं सांगितलं की आमच्या सांगलीत लोक दोनच प्रश्न विचारतात. ते गुजरातेत येतं ना, आणि मिरची आणलीत का? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, डबाभर आणली आहे आणि कुणालाही देणार नाही. या वयात उन्हातान्हाचं तिकडे कशाला मरायला चाललात, हा तिसरा प्रश्न फक्त माझ्या सुनेनं विचारला, तोही मी बॅग भरत असताना. तेव्हा तिला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसाठी एकदमच लिहून टाकते.

झालं असं की अंजुमचा फोन आला. ही मूळची नंदुरबारची, एम.एस्सी.ला सांगलीत होती, तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या पोरांना संख्याशास्त्र शिकवायचं काम माझ्याकडे होतं. आता ती तिकडच्याच एका कॉलेजात शिकवते आणि पीएच.डी. करते. फोनवर म्हणाली, प्रयोगाचे आकडे एआयला दाखवले, त्यानं चार घरांचे आकडे वगळायला सांगितलेत, मार्गदर्शक सरही वगळ म्हणतात, पण माझं मन घेत नाही. मी म्हटलं, आकडे पाठव, बघते. ती म्हणाली, आकडे पाठवून दिसणार नाही मॅडम, तुम्ही या. मला या यंत्रांचा मुळात राग. आयतीच संधी आली, दोन शब्द सुनावून येऊ, अशा बेतानं मी निघाले.

विसरवाडी

बसनं मला विसरवाडीला हायवेच्या नको त्या बाजूला उतरवलं. समोर चहाच्या टपऱ्या, भजी, टायरची दुकानं, आणि मधे सुरतेकडे पळणारे ट्रक. रस्ता ओलांडायचा कसा? मी आपली बॅग छातीशी धरून उभी. शेवटी पलीकडून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ हात वर करून ट्रकवाल्यांना थांबवत माझ्यापर्यंत आले. हे अंजुमचे सलीममामू, जीप चालवतात. त्यांनी बॅगेकडे बघून विचारलं, “तुमनं सामान इतलंच शे का?”

आता मी आकड्यातली बाई. ‘शे’ ऐकलं की मला शंभर दिसतात. म्हटलं, “शे कुठले हो, दोनच नग आहेत.” मामू क्षणभर बघत राहिले आणि मग असे हसले की टपरीवाल्यानं काय झालं म्हणून विचारलं. त्यांच्या अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’. पुढचे सगळे दिवस हा किस्सा त्यांनी भेटेल त्याला सांगितला, आणि दर वेळी नगांची संख्या वाढत गेली. चहा मात्र फक्कड होता, आमच्याकडे मिळतो त्याच्या दुप्पट गोड.

नंदुरबार

अंजुमच्या वडिलांचं पत्र्याच्या कोठ्यांचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. डोंगरातले लोक धान्य ठेवायला कोठ्या नेत. लहानपणी ती दुकानात बसायची तेव्हा एक गोष्ट तिच्या कानावर सारखी यायची. खायचं धान्य कोठीत ठीक, पण पेरायचं बी आम्ही कोठीत घालत नाही, बी मडक्यात, राखेत. तिचा सगळा प्रयोग यातून निघाला.

प्रयोग तसा साधा आहे. डोंगरउतारावर मोर नावाचं बारीक तृणधान्य पिकतं. अंजुमनं मोलगीच्या आसपासच्या पाड्यांतल्या काही घरांत दोन-दोन मडकी दिली, एकाच वाणाचं मोराचं बी भरून. एका मडक्यात चुलीची राख मिसळलेली, दुसऱ्यात नुसतं बी. काही महिन्यांनी प्रत्येक मडक्यातलं थोडं बी आणायचं, ओल्या कापडावर पसरायचं आणि किती उगवतं ते मोजायचं. राखेनं बी खरंच टिकतं का, टिकत असेल तर किती, हे कुणालाही दाखवता यावं, एवढंच तिला हवं होतं.

तिच्या अम्मींनी जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवेची भाजी आणि ठेचा वाढला. तिखटाचं कौतुक आम्हा सांगलीकरांना सांगू नका, असं मी म्हणाले आणि ठेच्याचा मोठा घास घेतला. पुढची पाच-दहा मिनिटं मी नुसती पाणी पीत होते. अम्मींनी न विचारता गुळाचा खडा ताटात ठेवला. त्या घरात कुणी माझी फजिती मोठ्यानं हसून साजरी केली नाही, हे मी विसरणार नाही.

जेवणानंतर तिनं लॅपटॉप उघडला. मी बाह्या सरसावूनच बसले होते, पण पोरीनं यंत्र ज्या पद्धतीनं वापरलं होतं ते पाहून माझ्या बाह्या पुन्हा खाली आल्या. उगवलेले दाणे तिनं स्वतः मोजलेले. बेरजा-सरासरी यंत्राकडून करून घेतलेल्या आणि मग हातानं पुन्हा ताडून पाहिलेल्या. बायकांची नावं यंत्राला दिलीच नव्हती. महू, साग, तेंदू, अंजन अशी घरांना झाडांची नावं. बायकांचं बोलणं तिनं ध्वनिमुद्रित केलं होतं, पण आमचा आवाज त्याच्या पोटात घालू नको असं त्या म्हणाल्या, म्हणून तो तिनं घातला नाही. यंत्राला काय विचारलं, त्यानं काय दिलं आणि त्यातलं काय घेतलं, हे प्रबंधाच्या शेवटी जोडणार होती. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं करायला? ती म्हणाली, कुणी नाही, पण मलाच उद्या विसरायला होईल ना, यातलं माझं किती आणि त्याचं किती.

यंत्रानं गंमतही केली होती. तिच्या मराठी टिपणांचं त्यानं इंग्रजी केलं, त्यात सातपुड्यातल्या बायका मोर राखेत पुरून ठेवतात आणि जूनमध्ये पेरतात असं आलं. मोर म्हणजे पिसारेवाला. अम्मी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग तिनं मूळ दुखणं दाखवलं. बहुतेक घरांत राखेतलं बी छान उगवलं होतं आणि नुसतं बी किडलं होतं. एकाच पाड्यातल्या चार घरांत मात्र दोन्ही मडक्यांतलं बी सारखंच तरारलेलं. हे यंत्रानं बरोबर हेरलं होतं, त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. पण पुढे त्यानं परिच्छेद लिहून दिला होता. भाषा झकास, आमच्या विद्यापीठात शोभावी अशी. ‘सदर चार घरांमध्ये नमुने गोळा करताना चूक झाल्याचे आढळले, त्यामुळे ती विश्लेषणातून वगळण्यात आली आहेत.’

अंजुमनं ‘आढळले’वर बोट ठेवलं. “कुणाला आढळलं, मॅडम? मी तर गेलेच नाही बघायला.”

मी आयुष्यभर असली वाक्यं वाचली आहेत. प्रबंधांत, अहवालांत, सगळीकडे सगळ्यांना सगळं आढळलेलं असतं. कुणाला आढळलं हे मी कधी थांबून विचारलं नव्हतं.

तिच्यावर काय बेतलं होतं तेही सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता. तो दिला तर पदवी, आणि पदवी मिळाली तर कॉलेजातली कायमची जागा. उशीर झाला तर वर्ष गेलं आणि जागाही दुसऱ्या कुणाला. ते एक वाक्य ठेवलं की सगळं बिनबोभाट पार पडत होतं. नाही ठेवलं तर मोलगीला जाऊन विचारावं लागणार होतं, आणि तिथं काय निघेल याचा भरवसा नव्हता.

खापर

दुसऱ्या दिवशी अक्कलकुवा सोडताना जीपचं इंजिन इतकं तापलं की मामूंनी डोंगराचा रस्ता न धरता गाडी खापरला वळवली. तिथं त्यांची बहीण राहते. खापर म्हणजे बाजाराचं गाव, गुजरातची हद्द हाकेच्या अंतरावर. दुकानदार एका गिऱ्हाईकाशी गुजराती, दुसऱ्याशी अहिराणी, तिसऱ्याशी भिली बोलतो आणि माझ्याशी पुस्तकी मराठी, जणू मी तपासणीला आले आहे. आमच्याकडे कन्नड-मराठी चालतं तसंच, फक्त इथं कुणी त्यावरून भांडताना दिसलं नाही.

संध्याकाळी अंगणात बाजा टाकून बसलो होतो. अंजुम आत होती. मामू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “ताई, तिले समजाडा. मशीन सांगी ऱ्हायनं, सर सांगी ऱ्हायनात, मग डोंगरमा कसाले जावानं?” भाचीच्या काळजीनं त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. खरं सांगते, मीही पाघळले. अंजुम बाहेर आल्यावर म्हटलं, चार घरांनी काय आभाळ कोसळणार आहे, सगळेच वगळतात, तूही वगळ आणि मोकळी हो.

ती माझ्यावर चिडली नाही.  ओढणीच्या टोकाशी खेळत म्हणाली, “वगळायचंच असेल तर वगळू, मॅडम. पण विचारून मग वगळू.” मला माझीच लाज वाटली, आणि तिचा अभिमान इतका वाटला की मी उठून उगाचच पाणी प्यायला गेले.

मोलगी

खापरहून परत अक्कलकुव्याला येऊन घाट धरला. वळणं अशी की मी मामूंना दोनदा थांबायला लावलं, एकदा देखावा बघायला आणि एकदा पोटातलं बाहेर काढायला. पण देखावा विचारू नका. डोंगर उन्हानं करपलेले, त्यात मधेच एखादं आंब्याचं झाड हिरवंगार. आणि खडकांवर, अंगणांत, छपरांवर जिथं बघावं तिथं कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. हे आमचूर इथून देशभर जातं म्हणे. सगळ्या रस्त्याला आंबट वास होता, त्यानं माझं पोट जागेवर आलं.

मोलगीत बाजाराचा दिवस होता. जीपगाड्या टपापर्यंत भरलेल्या. बायका डोक्यावर महूच्या फुलांच्या टोपल्या घेऊन डोंगर उतरून आलेल्या. आमच्या बाजारात आरडाओरड्यानं कान किटतात, इथं गर्दी मोठी पण आवाज खालच्या पट्टीतला. आम्ही बाजार ओलांडून पायवाटेनं निघालो. अंजुम पुढे, मी काठी टेकत मागे, मामू माझ्यामागे, मी पडले तर झेलायला.

त्या चार घरांपैकी पहिलं घर सेगीबाईचं. पाड्यातली वयानं मोठी बाई, काटक, कपाळावर गोंदण. घरी भिली बोलते, आमच्याशी बाजारातलं मराठी. तिनं आधी पाणी दिलं, मग मोराचा भात आणि उडदाची डाळ. मोराचा भात मी पहिल्यांदा खाल्ला. उपासाच्या भगरीसारखा दिसतो, पण चव जास्त खमंग. मी दुसऱ्यांदा मागून घेतला तेव्हा ती खूश झाली.

जेवण होईपर्यंत अंजुमनं विषय काढला नाही. इथं पाहुण्यानं आल्या आल्या कामाचं बोलायचं नसतं, आणि दुसऱ्याच्या बियाण्याच्या मडक्यात हात तर मुळीच घालायचा नसतो. म्हणूनच नमुने अंजुमनं स्वतः काढले नव्हते. बायकांनीच बी काढून, पाखडून, स्वच्छ करून तिच्या ओंजळीत दिलं होतं.

हात धुऊन झाल्यावर अंजुम म्हणाली, सेगीबाई, तुमच्या पाड्यातलं राख नसलेलं बीसुद्धा फार छान उगवलं, असं कसं झालं असेल?

सेगीबाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “उगवणारच. मी राख घातली ना.”

 अंजुमनं अगदी हळू आवाजात विचारलं, एक मडकं नुसतं ठेवायचं ठरलं होतं ना? सेगीबाईला यात काय चुकलं ते कळेना. ती म्हणाली, “तू जाताना काय बोलली? दोन्ही नीट ठेवा बोलली. राख नाही घातली तर नीट कसं ठेवलं?”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बायकांना वाचून दाखवायचा सूचनांचा कागद अंजुमनं यंत्राच्या मदतीनं लिहिला होता, आणि त्यात दुसऱ्या मडक्यात काहीही मिसळू नये असं स्वच्छ लिहिलं होतं. कागद चोख होता. पण निरोप घेताना उंबऱ्यावर आपण बोलतोच ना, बरंय, नीट ठेवा हं, तसं ती बोलून गेली. आणि या डोंगरात बी नीट ठेवणं म्हणजेच राखेत ठेवणं. त्याला दुसरा अर्थच नाही. राख म्हणजे काही मिसळणं, हे तर सेगीबाईच्या स्वप्नातही नव्हतं. यंत्राला हे कधीच सुचलं नसतं, आणि मलाही सुचलं नव्हतं.

खरा घाव पुढेच होता. अंजुमनं विचारलं, हे फक्त तुमच्या पाड्यात ना? सेगीबाई म्हणाली, छे, बाजारात ज्या ज्या बाईकडे तुझी मडकी होती त्या सगळ्यांना सांगितलं मी. कुणी लगेच घातली, कुणी उशिरा घातली, कुणी ऐकलं नाही. “पोरगी लांबून येते. तिचं बी आपल्या घरात मेलं तर आपलं नाक कुठं राहील?”

म्हणजे चार घरांचा प्रश्नच उरला नव्हता. कुठल्या घरात राख पडली, कधी पडली, किती पडली, कशाचाच पत्ता नाही. चार घरं वगळून बाकीच्यांचा जो देखणा तक्ता झाला होता, तोही खोटा ठरत होता, आणि आम्ही आलो नसतो तर तो तसाच छापून गेला असता. सगळा हंगाम पाण्यात गेला होता. मला अंजुमकडे बघायचं धाडसच होईना. मामू ओसरीखाली जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

ती रडली. आवाज न करता, गुडघ्यांत डोकं घालून. सेगीबाई घाबरली. मग अंजुमनं डोळे पुसले आणि तिला समजावून सांगितलं, एकेक शब्द जपून. राख चांगली हे तुम्हाला माहीत आहे, सेगीबाई, मलाही पटलंय. पण ज्यांना माहीत नाही त्यांना दाखवायचं तर राखेविना बी कसं मरतं ते शेजारी दिसावं लागतं. यंत्रानं त्यांच्या घरांबद्दल काय लिहिलं होतं तेही तिनं लपवलं नाही, चूक तुमच्याकडे झाली असं लिहिलं होतं म्हणाली. सेगीबाईनं विचारलं, तो आला होता का इकडे? अंजुम म्हणाली, नाही, म्हणून तर मी आले, आणि चूक माझ्या बोलण्यात निघाली.

पुढचं आधी सांगून टाकते. अंजुमनं परतताना खापरहूनच सरांना कळवलं. सर रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, मग तिची बाजू घेऊन कॉलेजशी बोलायला गेले. पदवी वर्षभर लांबली. जागेचं अजून काही ठरलेलं नाही. यंदाच्या आकड्यांवर तिनं एक छोटं टिपण लिहिलं आहे. तुलना का टिकली नाही, यंत्रानं काय हेरलं, कुठं मनचं घातलं, आणि आपल्या एका शब्दानं प्रयोग कसा मोडला, सगळं त्यात आहे. ते वाचताना मला भडभडून आलं. मी यंत्राला चार शब्द सुनावायला गेले होते, आणि एका पोरीचं कौतुक करत परत आले. त्या दुपारी सेगीबाईच्या घरात जे पाहिलं ते मात्र त्या टिपणात नाही.

 अंजुमचं बोलणं ऐकून सेगीबाई उठून आत गेली, एक रिकामं मडकं आणलं, पदरानं आतून पुसलं. बियाण्याच्या मडक्यातून यंदा पेरायला ठेवलेलं मोराचं बी काढलं, स्वतःचं, पाखडून त्यातली राख उडवली आणि रिकाम्या मडक्यात ओतलं. पावसाळाभर हे मडकं माझ्याकडे नुसतं राहील, पाऊस सरला की येऊन बघ, असं म्हणाली. बोलता बोलता तिचा हात सवयीनं चुलीकडे गेला आणि मूठभर राख उचलून मडक्यावर आला. तिथं थांबला.

“मरेल हे,” ती म्हणाली.

“हो,” अंजुम म्हणाली.

सेगीबाईनं राख परत चुलीत टाकली. मडक्यावर झाकण ठेवलं, कापड बांधलं आणि ते बाकीच्या मडक्यांच्या रांगेत न ठेवता पार दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. मी विचारलं, तिकडे का? ती म्हणाली, बाकीच्या बियाण्यानं हे बघायला नको.